कार्डिनलांविषयी लिहिताना या चुका टाळा

मराठी बातम्यांत आणि कार्यक्रमपत्रिकांत मला सगळ्यात जास्त खटकणारे दोन शब्द म्हणजे ‘माजी कार्डिनल’. कार्डिनल म्हणजे कॅथोलिक चर्चमधले पोपखालोखाल मानाचे धर्मगुरू; नवा पोप तेच निवडतात. कार्डिनलपद म्हणजे आमदारकी नव्हे, की मुदत संपली आणि माणूस माजी झाला. ओस्वाल्ड ग्रेशियस जानेवारी 2025 मध्ये निवृत्त झाले ते मुंबईच्या आर्चबिशपपदावरून (धर्मप्रांताच्या प्रमुखपदावरून). म्हणजे ते माजी आर्चबिशप; कार्डिनल ते अजूनही आहेत. त्यांच्या जागी जॉन रॉड्रिग्ज आले, तर लगेच ‘मुंबईचे नवे कार्डिनल’ असे फलक लागले. कार्डिनलपदाची लाल टोपी खुर्चीबरोबर मिळत नाही, पोप ती त्या व्यक्तीला देतात. खुद्द ग्रेशियस 2006 मध्ये मुंबईचे आर्चबिशप झाले आणि कार्डिनल त्यानंतरच्या वर्षी.

दुसरा घोळ वयाचा. पोप फ्रान्सिस 21 एप्रिल 2025 रोजी गेले आणि त्याच आठवड्यात एका दैनिकातल्या तरुण वार्ताहराचा फोन आला. ‘आपले मुंबईचे कार्डिनल मतदान करणार, त्यांना पोप व्हायची संधी किती?’ मी म्हटलं, ते मतदान करणार नाहीत. 24 डिसेंबर 2024 ला त्यांना 80 वर्षं पूर्ण झाली आणि पोपचं आसन रिकामं होण्याआधी ज्यांची ऐंशी भरली, त्यांना मत नाही. ऐंशीची ही अट पोप पॉल सहावे यांनी 1970 मध्ये घातली. त्याला पटलं नाही. ‘नेटवर तर सहा भारतीय कार्डिनल दिसतात,’ म्हणाला. दिसणारच, यादी सगळ्या कार्डिनलांची होती. मी एकेकाची जन्मतारीख सांगू लागलो, तर पान छपाईला सोडायची वेळ झाली म्हणून त्याने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सहा फोटोंची चौकट छापून आली, वर मथळा ‘भारताची सहा मतं’. मतं चार होती: गोव्याचे फिलिप नेरी फेर्रांव, हैदराबादचे अँथनी पूला, तिरुवनंतपुरमचे बसेलिओस क्लीमिस आणि व्हॅटिकनमध्ये काम करणारे जॉर्ज कूवाकाड. दोन मिनिटं थांबायची तयारी नसेल तर या विषयावर लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. मी कुठल्याही कार्डिनलचं नाव लिहिण्याआधी जन्मतारीख लिहितो, मगच पुढचं.

याच्या उलट चूकही होते: ऐंशी झाली म्हणजे पोप होता येत नाही. तसं नाही. मत देता येत नाही, निवडून येण्याला वयाची अट नाही. कार्डिनलच निवडला पाहिजे असाही नियम नाही, फक्त 1378 नंतर बाहेरचा कोणी निवडला गेलेला नाही.

‘पुढचा पोप कोण’ या यादीत सट्टेबाजांचे आकडे टाकू नका. 2025 मध्ये त्या आकड्यांत कार्डिनल पारोलिन आणि कार्डिनल ताग्ले आघाडीवर होते. 133 मतदार, निवडीला दोनतृतीयांश म्हणजे 89 मतं लागणार. आणि मतदान सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 8 मे रोजी, निवड झाली रॉबर्ट प्रिव्होस्ट यांची, जे जेमतेम दीड वर्षापूर्वी कार्डिनल झाले होते. शक्यता लिहायचीच असेल तर माणसाने कुठे काम केलं, किती भाषा बोलतो, इतर कार्डिनल त्याला किती ओळखतात, एवढं लिहा. टक्केवारी नको.

आता संबोधन. कॅथोलिक चर्चमध्ये ‘हिज होलिनेस’ फक्त पोपसाठी. कार्डिनलसाठी ‘हिज एमिनन्स’, समोर बोलताना ‘यूअर एमिनन्स’. मराठीत बोलताना ‘कार्डिनल’ आणि ‘आपण’ एवढं पुरतं. मागे ‘साहेब’ लावू नये. क्लीमिस हे केरळमधल्या सिरो-मलंकारा कॅथोलिक चर्चचे प्रमुख, म्हणून त्यांना ‘हिज बीटिट्यूड’ लावतात. पत्रिकेत जुन्या पद्धतीने पद मधे येतं: ‘फिलिप नेरी कार्डिनल फेर्रांव’. ‘कार्डिनल फिलिप नेरी फेर्रांव’ हेही चालतं, पण एकाच पत्रिकेत दोन्ही नकोत.

कार्डिनलपद म्हणजे इतर बिशपांवरचा अधिकार नव्हे: गोव्याचे कार्डिनल वसईच्या बिशपांचे वरिष्ठ नाहीत. म्हणून कोणी कार्डिनल झाला की ‘बढती’ हा शब्दही टाळा.

आणि पत्रिका छापखान्यात देण्याआधी बिशप हाउसमध्ये फोन करून नावाचं स्पेलिंग आणि पद वाचून दाखवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या जुन्या पत्रिकेवरून उतरवू नका, कारण त्या पत्रिकेतलं पद मधल्या काळात बदललेलं असू शकतं.