पुनर्विकासाच्या सभेत हेतूवर आरोप झाला तर काय करावे?

गृहनिर्माण संस्थेच्या सभेत एखादा सभासद उठून विचारतो, "विकासकाच्या प्रस्तावात बँक हमीचा उल्लेख नाही, इमारत पाडल्यावर काम रखडले तर आमचे भाडे कोण देणार?" मागच्या रांगेतून उत्तर येते, "तुम्हाला दुसऱ्या बिल्डरने पाठवले आहे." हशा पिकतो, पुढचा विषय पुकारला जातो आणि भाड्याचा प्रश्न तसाच लोंबकळत राहतो. वास्तविक तो आरोप शंभर टक्के खरा असला, तरी प्रस्तावात नसलेली हमी त्यामुळे प्रकट होत नाही.

अशा वेळी आपल्या सचोटीची साक्ष देत बसण्याचा मोह आवरावा, कारण आपण कोणाला ओळखतो आणि कोणाला भेटलो याचे खुलासे एकदा सुरू झाले की सभेचा उरलेला वेळ त्यातच जातो. आरोप एका वाक्यात नाकारावा आणि प्रश्न पुन्हा त्याच शब्दांत मांडावा: "माझ्याविषयी शंका असेल तर लेखी द्या, मी उत्तर देईन, आता हमीचे कलम कोणत्या पानावर आहे तेवढे दाखवा." उलट "समितीलाच टक्केवारी मिळते" असे पुराव्याविना म्हणणे म्हणजे समोरच्याचीच चाल खेळणे होय. पुनर्विकासाच्या निर्णयाला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. तेव्हा आपले बोलणे आरोप करणाऱ्यासाठी नसून अद्याप मत न ठरवलेल्यांसाठी आहे, हे विसरू नये.

समितीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी स्वतःला एकच विचारावे: हाच प्रश्न आपल्या आर्किटेक्टने विचारला असता, तर आपण काय सांगितले असते? तेच उत्तर द्यावे.

हितसंबंध विचारणे सर्वत्र गैर आहे, असे मात्र नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खालील शासननिर्देशांनुसार पदाधिकारी विकासकाचा नातेवाईक असता कामा नये, आणि ते योग्यच आहे. ज्याच्या शब्दावर विसंबून आपण घर रिकामे करणार, त्याचे लागेबांधे तपासलेच पाहिजेत. पण ज्याचा प्रश्न कागद उघडून पडताळता येतो, त्याचे लागेबांधे शोधून काय साधणार?

इतिवृत्ताचा मसुदा हाती आला की प्रश्न आणि त्याचे उत्तर, किंवा उत्तर न मिळाल्याची नोंद, त्यात आहे का ते पाहावे; नसल्यास सचिवांकडे लेखी हरकत देऊन पोच घ्यावी.