बेटांची आणि डायव्हिंगची पुस्तकं: बडोद्यात निवडायची कशी, पाण्यापर्यंत न्यायची कशी

असलं पुस्तक हातात आलं की फोटो नंतर बघा, आधी छपाईचं पान काढा. तिथं बहुधा दोन सनं असतात, एक आवृत्तीचं आणि एक पुनर्मुद्रणाचं. पुनर्मुद्रण २०१५ चं आणि आवृत्ती १९८८ ची असेल, तर पुस्तक १९८८ चंच समजायचं. मधल्या काळात मजकुराला कुणी हात लावलेला नसतो. या विषयात सनाला एवढा भाव द्यायचं कारण म्हणजे एकाच पुस्तकातली काही पानं शंभर वर्षं टिकतात आणि काही दहा वर्षांत नासतात.

अंदमानचंच घ्या. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानचा किनारा काही ठिकाणी मीटरभराहून जास्त वर उचलला गेला आणि उघडं पडलेलं प्रवाळ मेलं. तिकडे निकोबारच्या दक्षिण टोकाचा इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खाली गेला. त्याआधीच्या पुस्तकातले किनाऱ्याचे नकाशे केवळ इतिहास म्हणून बघा. नावांचाही घोळ आहे. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. पुस्तकात एक नाव आणि फेरीबोटीच्या तिकिटावर दुसरं, असं होऊन गोंधळ उडतो. पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं जुनं-नवं नाव शेजारी शेजारी लिहून ठेवा. पाण्याखालच्या फोटोंनाही सन लावून बघा. १९९८, २०१० आणि २०१६ ला समुद्र तापून आपल्याकडचं प्रवाळ पांढरं पडलं होतं, २०२४ लाही पडलं. १९९५ च्या फोटोतली शिंगांसारखी फांद्या फुटलेली बाग आज तशीच दिसेल, या भरवशावर पैसे भरू नका.

शोधायचं कुठे

मांडवीची सेंट्रल लायब्ररी बडोद्याच्या मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. सयाजीरावांनी १९१० मध्ये उभं केलेलं हे ग्रंथालय मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी असं चारही भाषांत आहे. अडचण वेगळीच असते. बेटांचा असा एक कप्पा कुठल्याच ग्रंथालयात नसतो. ड्युई पद्धतीनं, म्हणजे विषयाला आकडे देऊन, लावलेल्या ग्रंथालयात प्रवासवर्णनं ९१० च्या घरात, डायव्हिंग खेळांमध्ये ७९७.२ ला, सागरी जीव ५७८.७७ ला, प्रवाळ ५९३.६ ला, मासे ५९७ ला आणि लाटा-प्रवाह ५५१.४६ ला. प्रवासाच्या एकाच कपाटापुढे उभं राहून ‘काही नाही इथे’ म्हणत परत फिरणारे पुष्कळ. आकड्यांची चिठ्ठी खिशात ठेवा आणि सहाही ठिकाणी जा.

बडोद्याच्या माणसानं एक नाव खास मागून बघावं. ओखामंडळ, म्हणजे द्वारका आणि बेट द्वारकेचा मुलूख, बडोदे संस्थानात होता. तिथल्या सागरी जिवांची पाहणी संस्थानानं जेम्स हॉर्नेल यांच्याकडून करून घेतली आणि तिचा अहवाल दोन भागांत निघाला, १९०९ आणि १९१६ मध्ये. मूळ प्रत हाती आली नाही तरी स्कॅन चालेल. वर्णनं अजून कामाची आहेत, जिवांची नावं मात्र बरीच बदललीत. त्यासाठी ‘वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीज’ ही फुकट यादी इंटरनेटवर आहे. जुनं नाव टाका, आजचं मान्य नाव मिळतं. आपल्या समुद्रातलं ‘फॅविया’ नावाचं प्रवाळ जुन्या पुस्तकांत सर्रास सापडतं, ते आता ‘डिपसास्ट्रेया’ आहे. अहवालात एक नाव आणि नव्या मार्गदर्शिकेत दुसरं दिसलं म्हणून प्राणी दोन समजू नका.

पस्तीवाल्याकडे, म्हणजे रद्दीवाल्याकडे, किंवा जुन्या बाजारात माशांची सचित्र पुस्तकं मिळतात, पण त्यातली बरीच अमेरिकेत छापलेली आणि कॅरिबियन समुद्राची असतात. आपल्याला इंडो-पॅसिफिक किंवा हिंदी महासागराचं पुस्तक हवं. ओळखायची सोपी युक्ती: सूचीत क्लाउनफिश शोधा. तो अटलांटिकमध्ये आणि कॅरिबियनमध्ये नसतोच, त्यामुळे सूचीत तो नसेल तर पुस्तक परत ठेवा, कितीही स्वस्त असो. लायनफिशवरून मात्र ठरवू नका. तो मूळचा आपल्याकडचा असून आता तिकडेही शिरलाय.

डायव्हिंगच्या पुस्तकातलं काय मानायचं

भौतिकशास्त्र माना, मग पुस्तक कितीही जुनं असो. दर १० मीटरला सुमारे एक वातावरणाइतका दाब वाढतो. वर १२ लिटर असलेली हवा १० मीटरवर ६ लिटर होते, २० मीटरवर ४ आणि ३० मीटरवर ३. म्हणजे सगळ्यात मोठा बदल पहिल्या १० मीटरमध्येच होतो, आणि नवशिक्याचे कान दुखतात ते इथेच. हे वाचून पटत नसेल तर मेडिकलमधून सुई नसलेली २० मिलीची सिरिंज आणा. दट्ट्या २० वर ओढा, तोंड बोटानं घट्ट दाबा आणि दट्ट्या १० पर्यंत ढकला. हाताला जो जोर लागतो तो १० मीटर खोलीचा. आता दट्ट्या सोडा. जी उसळी येते, तीच श्वास रोखून वर येणाऱ्याच्या फुप्फुसात होते. म्हणून प्रत्येक पुस्तकात पहिला नियम एकच असतो: श्वास कधीही रोखू नका.

सुरक्षेचे आकडे मात्र जुन्या पुस्तकातून उचलू नका. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकांत वर यायचा वेग मिनिटाला १८ मीटर दिलेला असतो. आज ९ मीटर सांगतात, आणि वर येताना ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायला लावतात. डायव्हिंगनंतर विमानात कधी बसायचं हेही तसंच. एकच साधा डाइव्ह झाला असेल तर किमान १२ तास, लागोपाठ किंवा अनेक दिवस केले असतील तर किमान १८ तास. बडोद्याच्या माणसाला विमान बदलत परतायचं असतं, म्हणून सहलीचा शेवटचा पूर्ण दिवस कोरडाच ठेवा. सेल्युलर जेल त्या दिवशी बघा. (मराठी माणसाचं अंदमानचं वाचन तसंही जेलपाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं.)

एककांचाही हिशेब आधी करून ठेवा. इंग्रजी पुस्तकं खोली फुटांत आणि दाब पीएसआयमध्ये सांगतात, आपल्याकडचे बरेच प्रशिक्षक मीटर आणि बारमध्ये. ३३ फूट म्हणजे १० मीटर, ३००० पीएसआय म्हणजे २०० बारच्या आसपास, एक फॅदम म्हणजे ६ फूट. आणि पुस्तक वाचून डायव्हिंग येत नाही. प्राथमिक कोर्सला बहुधा २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं लागतं. ती तयारी बडोद्यातल्या पोहण्याच्या तलावात होते, बाकीची प्रशिक्षकाबरोबर.

बेटावरच्या जगण्याचं पुस्तक खरं की दिखाऊ

पिण्याचं पाणी कुठून येतं याचं पान शोधा. लक्षद्वीपसारख्या प्रवाळ बेटांवर नदी नाही, डोंगर नाही; जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-चार मीटर वर. पावसाचं पाणी वाळूत मुरून खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगतं आणि विहिरीत तेच येतं. पाण्याची पातळी समुद्राच्या वर एक मीटर असेल तर खाली अंदाजे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी, असा हिशेब मांडतात. छोट्या बेटावर तेवढं कधी भरत नाही. उपसा वाढला की विहीर मचूळ होते. म्हणून तर २००५ मध्ये कवरत्तीला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प उभारला, दिवसाला एक लाख लिटरचा. ज्या पुस्तकात सूर्यास्ताची सहा पानं आहेत आणि पाण्याचं एकही नाही, त्याचा लेखक रिसॉर्टबाहेर पडला नाही एवढं समजा. हीच कसोटी रॉकेल-डिझेल, पावसाळ्यात बंद पडणारी बोट आणि भाजीपाला यांना लावा. भाषेकडेही बघा. मिनिकॉयला महल बोलतात, बाकीच्या बेटांवर मल्याळमच्या घरातली बोली. हा फरक ज्याला ठाऊक नाही तो तिथं राहिला नाही.

परवान्याची माहिती कुठल्याही छापील पुस्तकातून घेऊ नका. लक्षद्वीपला भारतीयांनाही परवाना लागतो. अंदमानच्या मुख्य पर्यटन बेटांना लागत नाही, निकोबारला लागतो, आणि आदिवासींच्या राखीव भागात जाताच येत नाही. निघण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळ बघायचं.

मासे ओळखायचा घरचा सराव

पुस्तकातला लालभडक मासा खाली तसा दिसत नाही. पाणी सगळ्यात आधी लाल रंग खातं आणि १० मीटरपर्यंत तो जवळजवळ संपतो. फोटो फ्लॅशवर काढलेले असतात. त्यामुळे रंगावरून पाठ केलेला मासा खाली मातकट करडा दिसतो आणि ओळखू येत नाही. शिवाय पाण्याखाली मुखवट्यातून वस्तू तिच्या खऱ्या आकाराच्या सुमारे सव्वापट ते दीडपटीच्या मध्ये दिसते, म्हणून लांबीचा अंदाजही फुगतो.

म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी अंगाचा आकार, मग शेपटी (दुभंगलेली, गोल की सरळ कापलेली), मग तोंड, मग पट्टे, आणि रंग शेवटी. इंग्रजी मार्गदर्शिकांत ‘बार’ म्हणजे उभा पट्टा आणि ‘स्ट्राइप’ म्हणजे डोक्याकडून शेपटीकडे जाणारा आडवा. ही दोन नावं उलटी घेतली की सगळी ओळख चुकते. पुस्तक विकत घेण्याआधी एम्परर एंजलफिशचं पान काढा. पिल्लाच्या निळ्या अंगावर पांढरी वर्तुळं आणि मोठ्याच्या अंगावर पिवळे आडवे पट्टे, असे दोन्ही फोटो असतील तर पुस्तक कामाचं. पॅरटफिश आणि रास या माशांचा रंग वयाप्रमाणे आणि लिंगाप्रमाणे बदलतो. एकच फोटो देणारं पुस्तक तिथं फसवतं.

सगळे मासे पाठ करू नका. दहा कुळं घ्या. त्यांच्या नुसत्या बाह्यरेषा काढायला शिका आणि पाण्याखाली लिहायची पाटी बनवा. नामपाट्या करणाऱ्याकडून ३ मिमी जाडीची दुधी अ‍ॅक्रिलिक शीट १५ बाय २० सेंटिमीटर कापून घ्या. फोमची शीट घेऊ नका, हातातून सुटली की ती वर पळते. कोपरे घासून गोल करा, म्हणजे जॅकेटच्या खिशाला आणि शेजाऱ्याला लागणार नाहीत. मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून दोन्ही बाजू घासा. गुळगुळीत पृष्ठावर पेन्सिल नुसती घसरते. एका कोपऱ्याला भोक पाडून नाडी आणि तिला २बी पेन्सिल. शिसं पुढे सरकवणाऱ्या क्लच पेन्सिली नकोत, आतली स्प्रिंग खाऱ्या पाण्यात एका सहलीत गंजते. एका बाजूला दहा बाह्यरेषा कायम मार्करनं, दुसरी बाजू कोरी. लिहिलेलं पुसायला भांडी घासायची पावडर पुरते.

पहिली परीक्षा: नरारा

अंदमानच्या खर्चाआधी पुस्तक जामनगरकडे न्या. कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ चं, देशातलं पहिलं. वाडीनारजवळच्या नराराला ओहोटीत प्रवाळावरून चालत जाता येतं, पाण्यात न उतरता. ओख्याच्या गाड्या बडोद्यावरूनच जातात. जायचं पावसाळा सोडून, वनखात्याची परवानगी आणि स्थानिक मार्गदर्शक घेऊन.

सगळा खेळ ओहोटीचा. कोकणातला हिशेब बऱ्याच जणांना ठाऊक असतो: तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ; पंचमीला पावणेचार. आखातात तो तसाच लावू नका, कारण भरतीची लाट तोंडाकडून आत सरकायला वेळ घेते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी तक्त्यात ओख्याची वेळ बघा आणि नराराला किती उशीर धरायचा ते मार्गदर्शकाला विचारा. दिवस पौर्णिमा-अमावास्येच्या जवळचा, उधाणाचा निवडा. तक्त्यात ओहोटीचा आकडा जितका लहान तितकं प्रवाळ जास्त उघडं. रोजची वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते, तेव्हा तिकीट काढण्याआधी हा हिशेब. ओहोटीच्या टोकाच्या दोन तास आधी आत निघा आणि पाणी फिरलं की लगेच परत. सपाट किनाऱ्यावर पाणी पुढून येतं तसं मागच्या खाचेतूनही येतं.

बूट जाड तळव्याचे आणि घट्ट. चप्पल गाळात राहते. जिवंत प्रवाळावर पाय नाही, रेती किंवा मोकळ्या खडकावरच. मार्गदर्शकानं दगड उलटला तर तो होता तसा परत ठेवायला सांगा, कारण खालच्या बाजूचे जीव उन्हात काही मिनिटांत मरतात. समुद्रकाकडी, पफरफिश हातात घेऊन फोटो काढायचा आग्रह झाला तर नाही म्हणा. पाटीवर नाव लिहू नका, दिसलं ते लिहा: आकार, कुठे होतं, पाणी किती. नाव रात्री खोलीवर पुस्तकात शोधायचं. जागच्या जागी नाव ठरवलं की डोळे पुढचं बघायचं सोडतात.

ओल

माशांची पुस्तकं गुळगुळीत आर्ट पेपरवर असतात. त्या कागदावर मातीचा आणि डिंकासारख्या द्रव्याचा लेप असतो; भिजून वाळला की पानं विटेसारखी चिकटतात आणि मग सुटत नाहीत. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदी घरात शिरली, तसं पुन्हा झालं तर ही पुस्तकं आधी उचला, कादंबऱ्या नंतर. ओली असतानाच प्रत्येक पानामध्ये बटर पेपर घाला आणि पंख्याखाली उभी करा. ऊन नाही, हेअर ड्रायर नाही. पाच-सहा तासांत हे जमणार नसेल तर पुस्तक झिपच्या पिशवीत घालून, कणा खाली करून, फ्रीझरमध्ये ठेवा आणि सवड झाली की थोडं थोडं वितळवून पान पान सोडवा. जागा होत नसेल तर आमरसाचे डबे बाहेर काढा.