घानाच्या मार्केटात खरेदी करताय? या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलेय

आम्ही चार वर्षं तेमाला राहतोय, म्हणजे राजधानी अक्राच्या शेजारीच, आणि दर डिसेंबरला भारतातून कोणी ना कोणी येतंच. आलं की पहिला प्रश्न, इथून काय न्यायचं, आणि दुसरा, भाव किती पाडायचा. दुसऱ्या प्रश्नाचं आपल्याला शिकवायची गरज नाही, तुळशीबागेत वाढलेली माणसं आपण. घोळ होतो तो पहिल्यात. तासभर घासाघीस करून आपण वस्तू अर्ध्या किमतीत पटकावतो, जेवताना सगळ्यांना त्याची स्टोरी सांगतो, आणि मग कळतं की ती त्या अर्ध्या किमतीचीपण नव्हती.

माझं पहिलं बळी जाणं म्हणजे मुखवटा. अक्राच्या आर्ट्स सेंटरच्या आवारात एकाने मला कोपऱ्यात नेऊन कापडात गुंडाळलेला एक मुखवटा दाखवला, धुराचा वास, फटींमध्ये माती, एका कानाचा टवका उडालेला, आणि म्हणे शंभर वर्षं जुना आहे, आजोबांच्या गावचा. मी म्हटलं बाई बाई काय नशीब. घरी आणून ओल्या फडक्याने पुसला तर फडकं काळंकुट्ट आणि चक्क बूट पॉलिशचा वास! नवीन लाकूड मातीत पुरून, धुरावर धरून, पॉलिश फासून म्हातारं करतात हो, आणि ते काम इतकं सफाईदार असतं की राग यायच्या ऐवजी कौतुक वाटतं. आणि गंमत बघा, तो खरंच जुना असता तरी मी अडकलेच असते, कारण जुन्या वस्तू देशाबाहेर न्यायला इथल्या म्युझियम्स अँड मॉन्युमेंट्स बोर्डाची परवानगी लागते. म्हणजे खोटा निघाला तर पैसे गेले आणि खरा निघाला तर एअरपोर्टवर वस्तू गेली. त्यामुळे 'अँटिक' शब्द ऐकला की मी आता सरळ म्हणते, मला नवीनच पाहिजे भाऊ, नवीनचा भाव सांग. एबनीचं, म्हणजे काळ्या आबनूस लाकडाच्या वस्तूंचंही तेच. तळाला, जिथे पॉलिश नीट पोचत नाही तिथे ओला टिश्यू घासून बघा आणि हातात वजन घ्या, खरं काळं लाकूड चांगलंच जड लागतं. शक्य असेल तर कुमासीजवळ अह्वियाला जा, ते कोरीवकाम करणाऱ्यांचंच गाव आहे, समोर बसून करताना दिसतात.

आणि आता मुखवटा घेऊन बसला असाल आणि दोन आठवड्यांनी भिंतीखाली पिवळसर भुगा पडायला लागला असेल तर घाबरू नका, आमच्याकडेही पडला. लाकडात किडा आहे. उन्हात ठेवून, रॉकेल चोळून वगैरे काही होत नाही, मुखवटा प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे टाका. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आधी पूर्ण रूम टेंपरेचरला येऊ द्या, नाहीतर सगळं पाणी लाकडावरच सुटतं. आमच्याकडे मटार आणि खवलेल्या खोबऱ्याच्या मधे पंधरा दिवस हे महाशय होते, कामवाल्या ताईंनी तेवढे दिवस फ्रीजर उघडला नाही.

केंटे, म्हणजे इथलं रंगीबेरंगी विणलेलं कापड, त्याच्या बाबतीत मात्र आपल्याला खरं तर फसायला नको, कारण पैठणीची परीक्षा इथे जशीच्या तशी चालते. उलट बाजू बघा! हाताने विणलेला केंटे म्हणजे साधारण चार इंची अरुंद पट्ट्या विणून त्या शेजारी शेजारी शिवतात, पुरुषांच्या पूर्ण वस्त्राला वीस-चोवीस पट्ट्या लागतात, म्हणून जवळून बघितलं की उभ्या शिवणी दिसतात आणि डिझाइन दोन्हीकडून भरलेलं असतं. छापील असेल तर मागून फिकट आणि अख्खा एकच पन्हा. छापील घेणं गुन्हा नाहीये, कुशन कव्हरला छानच दिसतं, फक्त विणलेल्याचा भाव देऊ नका. माझ्या नणंदेने अक्रात दुकानाबाहेर पाऊण तास हुज्जत घालून जे घेतलं ते छापील होतं आणि मी तेव्हा पाणीपुरवठा खात्यासारखी गायब होते, समोर मुलांना आइस्क्रीम देत. नंतर तिला कुमासीजवळ बोनवायरला नेलं, तिथे विणकर पायाच्या बोटांत दोरी धरून माग चालवतात, ते बघून ती एकदम गप्प झाली आणि एकच पट्टी घेतली, गळ्यात स्टोलसारखी घालायची. एक पट्टी मिळते हो, अख्खं वस्त्रच घ्यायला पाहिजे असं नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. सूत आहे, रेयॉन आहे की रेशीम ते विचारा आणि घरी आणून वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका प्लीज.

वॅक्स प्रिंट, म्हणजे ते भडक सुंदर आफ्रिकन कापड, ते यार्डात मिळतं. सहा यार्ड म्हणजे साडेपाच मीटर, म्हणजे बरोब्बर साडी! हा शोध मला लागला तेव्हा मला फार हुशार वाटलं होतं. गणपतीला नेसले तर निऱ्या पुठ्ठ्यासारख्या उभ्या, बसले की त्या उभ्याच, फोटोत मी खुर्चीच्या मागे उभी असल्यासारखी दिसतेय. खळ भरपूर असते, शिवायच्या आधी एकदा पाण्यातून काढाच, आणि हेही दोन्ही बाजूंनी तेवढंच गडद आहे ना बघा. किनारीवर कंपनीचं नाव छापलेलं असतं ते अक्षर अक्षर वाचा, एखादं अक्षर इकडचं तिकडे असेल तर समजून जा.

पैशाचा एक मोठा घोळ. 2007 मध्ये इथे नोटांवरची चार शून्यं उडवली, दहा हजार जुने सेडी (सेडी म्हणजे इथलं चलन) म्हणजे एक नवा सेडी, पण बाजारातल्या काही जुन्या बायका अजून जुन्यातच बोलतात. पहिल्यांदा अक्राच्या मकोला मार्केटात एक आंटी मला टोपलीभर मण्यांचे 'वन मिलियन' म्हणाली तेव्हा मी हात जोडून निघालेच होते. शंभर सेडी म्हणत होती बिचारी. आकडा ऐकून दचकायच्या आधी 'न्यू का ओल्ड' एवढं विचारा. आणि गंमत म्हणजे हे सेडी नावच कवडीसाठीच्या इथल्या अकान भाषेतल्या शब्दावरून आलंय, मालदीवच्या कवड्या एकेकाळी इथे चलन म्हणून चालायच्या, आणि आपण मात्र कवडीमोल म्हणतो.

मण्यांवर मी जास्त बोलेन कारण माझा जीव तिथे आहे. दर गुरुवारी कोफोरिदुआला मण्यांचा बाजार भरतो. क्रोबो लोकांचे काचेचे मणी हे बाटल्या कुटून केलेल्या पुडीचे असतात, ती पूड मातीच्या साच्यात भरतात, भोकाच्या जागी कसाव्याच्या पानाचा देठ उभा करतात, भट्टीत देठ जळून जातो आणि भोक राहतं. म्हणून खऱ्या मण्याचं भोक जरा ओबडधोबड असतं, आत पांढरी माती अडकलेली दिसते. गालाला लावला की गार लागतो, प्लास्टिक लागत नाही. इथली चूक म्हणजे नव्या मण्याला जुन्याचा भाव देणं, कारण त्याच टेबलवर खरंच जुने व्हेनिसचे मणी असतात आणि आपल्या खंबायतचा अकीकसुद्धा शतकानुशतकं या बाजूला विकला गेलाय. ओळखता येत नसेल तर रंग आवडला म्हणून घ्या, वय बघून नको. दुसरी चूक, माळ आहे त्या दोऱ्यातच घालून फिरणं. तो दोरा फक्त विकायपुरता असतो. माझी माळ मुंबई एअरपोर्टला बॅगेज बेल्टसमोर तुटली आणि चार अनोळखी लोक माझ्यासोबत गुडघ्यावर मणी शोधत होते. घरी आल्या आल्या मजबूत दोऱ्यात ओवून घ्या.

बोलण्याचं पण थोडं. थेट 'हाऊ मच' नको, आधी गुड मॉर्निंग, मग कशा आहात, मग भाव, नाहीतर भाव आपोआप वाढतो. पैसे डाव्या हाताने देऊ नका, हे तर आपल्याला घरूनच माहितीये. 'ते सो काक्रा' म्हणजे इथल्या भाषेत थोडं कमी करा, हे हसून म्हटलं की आंटी आधी हसतात आणि मग करतात. सौदा झाला की 'डॅश' मागा, म्हणजे भाजीवर कोथिंबीर तसं वर थोडं फुकट. पण भाव ठरवून, पॅक करायला लावून मग 'बघते नंतर' म्हणून निघून जाऊ नका. एकदा सकाळी मी तसं केलं तर ती बाई म्हणाली, तू माझी पहिली गिऱ्हाईक आहेस. भवानीच की ती, मी मुकाट परत फिरले.

केप कोस्टच्या किल्ल्याबाहेर कोणी गोड हसून नाव विचारलं तर सांगू नका. अर्ध्या तासाने बाहेर याल तेव्हा तुमच्या नावाचं ब्रेसलेट तयार असतं, आधी गिफ्ट म्हणतात आणि मग पैसे. हस्तिदंत, कासवाची पाठ, अजगराचं कातडं याच्या जवळपासही जाऊ नका, कायद्यात अडकाल.

शिआ बटर, म्हणजे शिआ झाडाच्या बियांचं लोणी, सगळ्यांना न्यायचं असतं. ते साधारण अंगाच्या उष्णतेलाच वितळतं, मुंबईच्या मे महिन्यात त्याचं तेल होतं आणि डब्याचं झाकण सैल असेल तर बॅगेतल्या साड्यांना आयुष्यभर शेंगदाण्यासारखा वास. डबा दोन झिपलॉकमध्ये, उभा.

आणि बोल्गाच्या टोपल्या. उत्तरेत बोल्गातांगाला गवताच्या विणतात, फार टिकतात, पण बॅगेत दाबून चपट्या होतात आणि लोक त्या तशाच माळ्यावर टाकून देतात. सासूबाईंनी पण टाकली होती. बादलीत मिनिटभर बुडवा, गवत मऊ पडतं, मग हाताने गोल करून आत पातेलं उपडं घालून सावलीत वाळवा. फक्त कातड्याच्या हँडलला पाणी लागू देऊ नका, त्याचा रंग सुटतो, आमच्या सांगलीच्या गॅलरीतल्या फरशीवर अजून तांबडी चंद्रकोर आहे.