आयर्लंडमध्ये रात्री डॉक्टर लागला तर फोनवर काय सांगायचं

इथे नवीन आलेल्या मंडळींचा ठरलेला प्रश्न, रात्री दहाला पोराला ताप भरला तर जायचं कुठे, कारण जीपीचा, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरचा, दवाखाना संध्याकाळी बंद आणि शनिवार-रविवारी तर कुलूपच. मग घाबरून थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जातात आणि तासन् तास ताटकळत बसतात. त्याआधी आऊट-ऑफ-आवर्स जीपीला, म्हणजे दवाखाने बंद असतानाच्या डॉक्टर सेवेला, फोन करायचा असतो.

ही त्या-त्या भागातल्या जीपींनी मिळून चालवलेली को-ऑप असते, म्हणजे आपल्याकडे साखर कारखाने सहकारी तसे इथे डॉक्टर सहकारी, आळीपाळीने ड्युटी करतात. कॉर्क-केरीला साउथडॉक, कार्लो-किलकेनी-वॉटरफर्डकडे केअरडॉक, लिमरिक-क्लेअरला शॅननडॉक, गॉलवे-मेयोला वेस्टडॉक, आणि डब्लिनमध्ये एरियाप्रमाणे वेगवेगळ्या. साधारण संध्याकाळी 6 ते सकाळी 8, वीकेंडला आणि बँक हॉलिडेला दिवसरात्र. नंबर शोधत बसू नका, दवाखाना बंद असताना आपल्या जीपीला फोन लावा, बहुतेक ठिकाणी रेकॉर्डेड मेसेजमध्येच सांगतात. तो नंबर आजच सेव्ह करून ठेवा.

छातीत दुखतंय, श्वास लागलाय, तोंड वाकडं झालंय, शुद्ध नाही, असं काही असेल तर मात्र हे सगळं सोडा आणि 112 किंवा 999.

आता फोन. आधी नाव, जन्मतारीख, एअरकोड (Eircode, इथला पिनकोड), कॉलबॅकचा नंबर आणि तुमच्या जीपीचं नाव विचारतात. मग नर्स किंवा डॉक्टर उलट फोन करतात, तोवर फोन चार्जिंगला लावा आणि सायलेंटवर ठेवू नका. तुम्हाला तपासायला बोलवायचं, फोनवरच सल्ला द्यायचा की हॉस्पिटलला पाठवायचं ते या बोलण्यावरच ठरतं, म्हणून "खूप ताप आहे हो, अंग नुसतं भाजतंय" एवढ्याने भागत नाही. कधीपासून, किती, पाणी-दूध पोटात राहतंय का, आज किती डायपर ओले झाले, मूल नजर देतंय का, हे सांगा. अंगावर पुरळ असेल तर काचेचा ग्लास दाबून बघा आणि दाबल्यावर जात नसेल तर सरळ 112. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 किंवा जास्त असेल तर सकाळची वाट बघायची नाही.

आणि हो, ताप सेल्सिअसमध्ये! भारतातून आणलेला थर्मामीटर 102 दाखवतो आणि आपण घाईत तेच म्हणून जातो, ते इथे 38.9. औषधाचंही तसंच, क्रोसिन म्हटलं तर समोरच्याला बोध होईलच असं नाही, पॅरासिटामॉल म्हणा, किती मिलिग्रॅम आणि किती वाजता दिलं ते सांगा. मोठ्यांनी बॅगेतली कॉम्बिफ्लॅम घेतली असेल तर तेही सांगा, कारण त्यात आयबुप्रोफेनबरोबर पॅरासिटामॉलही असतं आणि वर पुन्हा पॅरासिटामॉल घेतलं तर डोस डबल होतो. आई-बाबा भारतातून आले असतील तर त्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स समोर घेऊन बसा आणि फोन स्पीकरवर टाका, आई तुमच्यापासून जे लपवते ते असल्या वेळी बरोबर बाहेर येतं.

वेळ दिली तरच सेंटरला जायचं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे डॉक्टर घरी येऊ शकतात, पण गाडी नाही एवढ्या कारणावर सहसा नाही. इंजेक्शन किंवा सलाईनची अपेक्षा ठेवू नका, अँटिबायोटिकही उगाच देत नाहीत, आणि ऑफिससाठी सिक सर्टिफिकेट किंवा संपलेल्या नेहमीच्या गोळ्या हे काम यांचं नाही, ते शुक्रवारच्या आत आपल्या जीपीकडे उरका.

पैशाचं म्हणाल तर सरकारचं मेडिकल कार्ड किंवा जीपी व्हिजिट कार्ड असेल तर फुकट, नाहीतर फी भरावी लागते, किती ते फोनवरच विचारा. इथे राहणाऱ्या 8 वर्षांखालच्या मुलांना जीपी व्हिजिट कार्ड मिळतं पण आपोआप नाही, अर्ज करावा लागतो, कितीतरी जणांचा राहून जातो. पाहुणे आलेले आई-बाबा असतील तर पावती मागून घ्या, ट्रॅव्हल इन्शुरन्सला लागते. इमर्जन्सीला जायची वेळ आलीच तर या डॉक्टरांचं रेफरल लेटर घेऊन जा, त्याशिवाय आणि मेडिकल कार्डाशिवाय गेलात तर 100 युरो लागतात. प्रिस्क्रिप्शन हल्ली फार्मसीला ऑनलाइन पाठवतात, पण त्या वेळी कुठली उघडी आहे ते सेंटरमधून निघायच्या आधीच विचारून घ्या.