डेबियनवर अपडेट घेताना काय काय बघायचं

डेबियन ही लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम टाकली की बरेच जण सुडो ॲप्ट अपडेट आणि सुडो ॲप्ट अपग्रेड या सॉफ्टवेअर अपडेट करायच्या दोन कमांड पाठ करतात आणि पुढे स्क्रीनवर काहीही विचारलं तरी वाय दाबून मोकळे होतात, मी पण सुरुवातीला तेच करायचो. पण 1993 पासून हे सगळं स्वयंसेवक चालवतायत आणि काय बदललं, का बदललं ते नीट लिहून ठेवतात, मग ते वाचायला काय हरकत आहे?

आधी सोर्सेसची फाइल, म्हणजे सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं ते जिथे लिहिलेलं असतं ती, उघडा, ती इटीसीमध्ये ॲप्टच्या फोल्डरमध्ये असते. तिथे स्टेबल (म्हणजे त्या वेळचं पक्कं व्हर्जन) लिहिलं असेल तर बदलून तुमच्या व्हर्जनचं नाव टाका, म्हणजे 12 असेल तर बुकवर्म आणि 13 असेल तर ट्रिक्सी. कारण 9 ऑगस्ट 2025 ला ट्रिक्सी आलं तेव्हा ज्यांच्याकडे स्टेबल लिहिलेलं होतं त्यांच्या मशीनसाठी स्टेबलचा अर्थच बदलला आणि रोजच्यासारखं अपडेट करायला गेले तर समोर शेकडो पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे). सिक्युरिटीची ओळ आहे ना तेही बघून घ्या, ती नसेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे.

मग ॲप्ट-लिस्टचेंजेस टाका. हे माझं सगळ्यात आवडतं टूल, अपग्रेड सुरू व्हायच्या आधी महत्त्वाच्या बातम्या समोर आणून ठेवतं, वाचून झालं की क्यू दाबायचं. एखाद्याच पॅकेजचं बघायचं असेल तर ॲप्ट चेंजलॉग आणि पुढे पॅकेजचं नाव.

आता जिथे सगळे घाई करतात ती जागा. अपग्रेड चालू असताना मध्येच थांबून विचारतं की ही कॉन्फिग (सेटिंगची) फाइल तुम्ही बदललेली आहे, पॅकेजवाल्यांची नवीन घ्यायची का तुमचीच ठेवायची. मी एकदा न वाचता वाय दाबलं आणि एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या मेन फाइलमधल्या माझ्या सगळ्या सेटिंग गेल्या, साईट बंद. नंतर कळलं की जुनी फाइल शेजारीच डीपीकेजी-ओल्ड अशा शेपटीने पडलेली असते, तिथून परत आणली. तेव्हापासून आधी डी दाबतो, दोन्हीतला फरक ओळीओळीने दिसतो, आणि मगच ठरवतो. काहीच कळत नसेल तर एन दाबा, तुमची फाइल जशीच्या तशी राहते आणि नवीन बाजूला ठेवली जाते.

फुल-अपग्रेड (गरज पडली तर काही पॅकेजेस काढूनही होणारं अपग्रेड) करताना काढून टाकायच्या पॅकेजेसची यादी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, ट्रिक्सीतलं ॲप्ट 3 ती लाल रंगात दाखवतं त्यामुळे नजरेत भरते.

सर्व्हर असेल तर अनअटेंडेड-अपग्रेड्स लावून टाका, सिक्युरिटीचे अपडेट आपोआप येतात. सोबत नीडरीस्टार्ट पण ठेवा, कुठली सर्व्हिस अजून जुन्याच लायब्ररीवर चाललीय ते सांगतं. कर्नल (सिस्टिमचा गाभा) नवीन आला तर मात्र रीबूटच, आणि नंतर यूनेम -आर मारून नवीनच कर्नल चालू आहे याची खात्री करा. अपडेटनंतर काही बिघडलंच तर व्हार-लॉग-ॲप्टमधली हिस्टरीची फाइल बघा, कुठल्या दिवशी काय बदललं ते तारीखवार मिळतं.

आणि खरंच बग सापडला तर रिपोर्टबग चालवा, तुमचं व्हर्जन वगैरे ते स्वतःच गोळा करतं आणि आधी कुणी तोच बग नोंदवलाय का याची यादी दाखवतं, ती यादी नीट वाचा, बऱ्याचदा उपाय तिथेच लिहिलेला असतो.