स्वतःहून फुंकताय? मग या चुका टाळा

आमच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात गाड्यांच्या किल्ल्यांच्या बोर्डाशेजारी ब्रेथ ॲनालायझर, म्हणजे फुंकल्यावर अंगातली दारू मोजणारं मशीन, टांगलेला असतो. सक्ती नाही, ज्याला शंका येईल त्याने फुंकावं. सवय चांगली आहे, पण चुका वर्षानुवर्षं त्याच होतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे सकाळी न फुंकणं. "रात्रीची होती, झोप झाली, आता कशाला?" एकदा पुण्याहून महाबळेश्वरची ट्रिप होती. पहाटे साडेपाचला आमचा जुना ड्रायव्हर आला. ताजी दाढी, कपाळाला गंध, तोंडाला वास नाही. भावाच्या हळदीत रात्री साडेबारापर्यंत चार लार्ज (मोठे पेग) झाल्याचं त्यानेच सांगितलं. म्हटलं, फुंक बरं. आकडा आला 0.052, म्हणजे 100 मिली रक्तात 52 मिलिग्रॅम. कायद्याची मर्यादा 30. गाडीत सतरा माणसं आणि पुढे पसरणीचा घाट! माझे हातपाय गार पडले. ती ट्रिप मीच नेली.

शरीर हा आकडा तासाला साधारण 15 मिलिग्रॅमनेच (100 मिली रक्तामागे) उतरवतं. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. माझा हिशेब ठरलेला: एका लार्जमागे तीन तास, तेही शेवटच्या घोटापासून, आणि नंतर फुंकायचंच.

दुसरी चूक घाईची. ग्लास ठेवला की लगेच फुंकलं तर तोंडातल्या दारूमुळे आकडा फुगतो. वीस मिनिटं थांबा, साध्या पाण्याने चूळ भरा. त्यानंतर आकडा कमी आला म्हणून लगेच निघूही नका. पोटातली दारू रक्तात उतरायला अर्धा ते दीड तास जातो, तेवढ्यात आकडा चढतो. मी अर्ध्या तासाने पुन्हा फुंकायला लावतो. नवी पोरं इथेच वैतागतात. वैतागू देत.

एकक बघा. काही मशीन श्वासातलं प्रमाण मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये दाखवतात, तिथे 0.20 म्हणजे मर्यादेच्या वर, कारण आपली हद्द तिथे साधारण 0.14 ला येते.

अर्धवट फुंकू नका, बीप थांबेपर्यंत सलग हवा सोडा. माउथवॉश वापरून लगेच फुंकू नका. फ्युएल सेल सेन्सरचं मशीन घ्या, स्वस्तातले सेमीकंडक्टरवाले इतर वाफांनाही फसतात. वर्षातून एकदा तरी कॅलिब्रेशन करा, म्हणजे मशीनचा आकडा तपासून बरोबर जुळवून घ्या. मी सहा महिन्यांनी करतो.

आणि "अजून एक बसतो का" हे बघायला मशीन मागणाऱ्याला मी ते देत नाही. त्या रात्री त्याला किल्लीही मिळत नाही.