क्वांटम डॉट लेसरकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

सांगलीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला डायोड लेसरचे एक प्रॅक्टिकल होते. करंट हळूहळू वाढवायचा, प्रकाशाची तीव्रता नोंदवायची आणि आलेखाची रेषा जिथे एकदम वर वळते तो थ्रेशोल्ड करंट म्हणून वहीत लिहायचा. पुढे पीएच.डी.साठी सूक्ष्म पोकळ्यांमधील (प्रकाश अडकवून ठेवणाऱ्या अगदी लहान रचनांमधील) क्वांटम डॉट लेसर हा विषय घेतल्यावर मी बराच काळ तेच वळण शोधत राहिले. तासगाव, विटा, जत या बाजूंनी या विषयाकडे येणाऱ्यांचा तेवढा काळ वाचावा, म्हणून हे लिहीत आहे.

गॅलियम आर्सेनाइडवर इंडियम आर्सेनाइड चढवू लागले की दोन्ही स्फटिकांच्या जाळ्यांतील सुमारे ७ टक्के फरकामुळे ताण साचतो आणि दोन अणुथर पुरे होण्याआधीच पदार्थ आपोआप बेटांसारखा गोळा होतो. साधारण २० नॅनोमीटर रुंदीच्या या बेटांत, म्हणजेच क्वांटम डॉटमध्ये, इलेक्ट्रॉन तिन्ही दिशांनी कोंडला जातो. अशा कोंडीमुळे लेसरवर तापमानाचा परिणाम कमी होईल, हे अराकावा आणि साकाकी यांनी १९८२ मध्ये मांडले होते. मात्र बेटे आपोआप घडत असल्याने एकासारखे दुसरे नसते, आणि पोकळीच्या तरंगलांबीशी जुळणारे डॉट मोजकेच सापडतात.

पोकळी समजून घ्यायला आपल्याकडच्या मुलांना विजापूरची सहल उपयोगी पडते. गोलघुमटात भिंतीशी कुजबुजलेला शब्द भिंतीच्या कडेने फिरत पलीकडे ऐकू येतो. काही मायक्रोमीटर व्यासाच्या मायक्रोडिस्कमध्ये प्रकाश तसाच कडेकडेने फिरत राहतो. मायक्रोपिलरमध्ये, म्हणजे सूक्ष्म खांबात, तो वरच्या व खालच्या आरशांमध्ये अडकतो. पोकळी लहान आणि गळती कमी असेल, तर जुळलेल्या डॉटचे उत्स्फूर्त उत्सर्जनच (आपणहून फोटॉन सोडणे) वेगाने होते, आणि हा परिणाम पर्सेलने १९४६ मध्येच सांगितला होता.

खरी अडचण इथे सुरू होते. साध्या डायोड लेसरमध्ये उत्स्फूर्त उत्सर्जनाचा लाखातला जेमतेम एखादा फोटॉन लेसरच्या मोडमध्ये (पोकळीत टिकणाऱ्या ठरावीक तरंगरूपात) जातो, म्हणून वळण ठळक दिसते. या प्रमाणाला बीटा म्हणतात. चांगल्या सूक्ष्म पोकळीत बीटा एकाच्या जवळ जाऊ लागतो आणि तसतसे वळण पुसट होत जाते. माझ्या एका पिलरच्या आलेखात मात्र सुरेख वळण आले आणि तो लेसर असल्याचे मी गटाच्या बैठकीत सांगून टाकले. मार्गदर्शकांनी वर्णरेषेची रुंदी विचारली; लेसर सुरू झाला की ती कमी व्हायला हवी, पण ती कमी झालेलीच नव्हती. उत्तेजन (बाहेरून दिली जाणारी ऊर्जा) वाढवताना पिलर तापत होता, त्यामुळे डॉटची तरंगलांबी सरकून पोकळीशी जुळत होती आणि त्याच वेळी प्रकाश वाढत होता.

म्हणून फोटॉनची आकडेवारी मोजायला लवकर शिका. प्रकाश दोन डिटेक्टरांवर विभागून एकाच क्षणी येणारे फोटॉन मोजले, की औष्णिक (साध्या दिव्यासारख्या) प्रकाशासाठी सहसंबंध २ आणि लेसरसाठी १ येतो. येथेही एक फसगत आहे, जिच्याकडे नवख्यांचे हमखास दुर्लक्ष होते: थ्रेशोल्डच्या खाली प्रकाशाचा सुसंगतिकाल (लहर एकलय राहण्याचा काळ) डिटेक्टरच्या कालविभेदनापेक्षा (त्याला वेगळा ओळखता येणाऱ्या सर्वांत लहान कालावधीपेक्षा) बराच लहान असेल, तर २ चे शिखर पुसले जाऊन तेथेही १ च्या आसपासच आकडा मिळतो. त्यामुळे नुसता १ हा पुरावा धरू नये. उत्तेजन वाढवताना शिखर आधी दिसू लागते व मग १ कडे उतरते का, आणि सुसंगतिकाल वाढतो का, हे एकत्र पाहावे.

प्रवेशाचा मार्ग नेहमीचाच आहे: बी.एस्सी.नंतर जॅम, एम.एस्सी.नंतर नेट, गेट किंवा जेस्ट या परीक्षा. निवड होण्याआधीच करता येण्यासारखी एक गोष्ट मात्र सांगते. कॉलेजमधल्या त्याच डायोड लेसरची मोजणी अगदी कमी करंटपासून करा, दोन्ही अक्ष लॉगरिदमी घेऊन आलेख काढा, आणि रेट इक्वेशन (इलेक्ट्रॉन व फोटॉन यांची संख्या कशी बदलते हे सांगणारी समीकरणे) स्वतः संगणकावर सोडवून बीटा बदलत त्याच्याशी जुळवून पाहा. थ्रेशोल्डच्या खालचा जो भाग आपण वहीत शून्य समजून सोडून देतो, त्याची उंची बीटावर ठरते, हे तेव्हा स्वतःच्या नोंदींतून दिसते.